हृदयपरिवर्तन की कायदा? रॉबर्ट कार्टरचे दानपत्र

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. तो इतिहास आपण नीट वाचला पाहिजे. कारण मालकाचे मन बदलले की गुलामगिरी संपते का, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

रॉबर्ट कार्टर (तिसरा) १७२८ साली व्हर्जिनियात जन्मला. त्याच्या आजोबांना लोक 'किंग' कार्टर म्हणत, एवढी त्यांची जमीन. १७३२ साली आजोबा आणि वडील दोघेही वारले. चार वर्षांच्या या मुलाच्या वाट्याला जमीन आली, तशी माणसेही आली. १७५४ मध्ये मेरीलँडच्या फ्रान्सिस टास्करशी त्याचा विवाह झाला. त्यांना सतरा अपत्ये झाली. १७५८ पासून तो गव्हर्नरच्या कौन्सिलवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात बसू लागला. त्या काळी गव्हर्नर आणि याच कौन्सिलच्या मंजुरीशिवाय कोणालाही आपला गुलाम मुक्त करता येत नसे!

१७७८ मध्ये तो बाप्टिस्ट झाला आणि गुलामांसोबत एकाच मंडळीत प्रार्थनेला बसू लागला. १७८२ च्या कायद्याने मालकाला स्वतःच्या दस्तऐवजाने गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली. त्याच कायद्याच्या आधारे ५ सप्टेंबर १७९१ रोजी कार्टरने ४५२ गुलामांच्या नावांचे दानपत्र न्यायालयात दाखल केले. ही मुक्ती टप्प्याटप्प्याने व्हायची होती.

'तो काळच तसा होता' असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : मग त्याच काळात, त्याच व्हर्जिनियात हे कसे घडले? 'सर्व माणसे समान' असे लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्यातली जिवंतपणी दोन आणि मृत्युपत्राने पाच, एवढीच मुक्त केली. दोष काळाचा नव्हता, मालकीच्या लोभाचा होता.

पण आम्ही कार्टरचीही आरती ओवाळणार नाही. दस्तऐवजाचे नावच बघा : दानपत्र! माणसाचे स्वातंत्र्य ही काय दान देण्याची वस्तू आहे? ज्या कायद्याने माणसाला मालमत्ता ठरवले, त्या कायद्यात मुक्तीसुद्धा मालकाची मेहेरबानीच ठरते.

आणि मेहेरबानी वारशाने मिळत नाही. गुलामीच्या वातावरणात मुले बिघडतील म्हणून कार्टरने जॉर्ज आणि जॉन या मुलांना ऱ्होड आयलंडला शिकायला पाठवले होते. १८०४ साली कार्टर बाल्टिमोरमध्ये वारला. पुढे याच जॉर्जने ओटलँड्स हा मळा उभारला, तो गुलामांच्याच श्रमावर! १८०६ साली तर व्हर्जिनियाने कायदा केला की, नव्याने मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे.

बापाचे मन बदलले, मुलाचे बदलले नाही. कारण व्यवस्था तशीच उभी होती. ती मोडली १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि त्याआधी लाखोंचे रक्त सांडले. म्हणून सज्जन मालकाची वाट पाहत बसू नका. हक्क कायद्यात लिहून घ्या आणि त्या कायद्यावर पहारा ठेवा.