हुक्क्याचे पाणी आणि वाफेची कांडी

हेदवीच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक पितळी हुक्का पडून आहे. नळी केव्हाच कुजून गेली, चिलीम फुटली. पाण्याचे भांडे तेवढे शाबूत राहिले. हुक्का आमच्या पणजोबांचा. आजोबांच्या काळात घरात विडी आली. चाचा १९७० च्या दशकात तेलवाहू जहाजावर नोकरीला लागले आणि त्यांच्याबरोबर सिगारेट आली. चाचांचा धाकटा मुलगा दुबईत असतो. २०२२ च्या मे महिन्यात तो सुटीवर आला, तेव्हा त्याने वडिलांसाठी पेनासारखी एक कांडी आणली. तोंडाला लावून ओढली की आंब्याच्या वासाची वाफ निघे. "अब्बा, ही ओढा. सिगारेट आपोआप सुटेल," असे तो म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्या घरात जो वाद सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही. मुलगा म्हणतो, हे औषध आहे. चिपळूणला दवाखान्यात काम करणारी आमची भाची म्हणते, हे नवे व्यसन आहे. चाची म्हणतात, घरात धूर नको, मग तो पाण्यातून आलेला असो की बॅटरीतून. हा वाद ऐकता ऐकता आम्ही इतिहासाची पाने चाळू लागलो. तेव्हा ध्यानात आले की हा तंटा चारशे वर्षांचा आहे आणि त्याची एक वाट आमच्याच किनाऱ्याजवळून गेलेली आहे.

हेदवीहून उत्तरेला गुहागर, त्यापुढे वाशिष्ठीची खाडी आणि खाडीपलीकडे दाभोळ. आज दाभोळला गेलेला माणूस फेरीबोट आणि आदिलशाही काळातली मशीद पाहून परततो. एकेकाळी मात्र ते विजापूरकरांचे मोठे बंदर होते. अरबस्तानचे घोडे, इराणचे व्यापारी, हजचे यात्रेकरू यांची तेथे ये-जा असे. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती दख्खनेत रुजली. विजापूरच्या दरबारात लोक ती ओढत होते, तेव्हा आग्र्याला तिचे नावही कोणास ठाऊक नव्हते.

अकबराने असद बेग नावाच्या आपल्या एका सरदाराला विजापूरला पाठविले होते. शाहजादा दानियालचा निकाह इब्राहिम आदिलशहाच्या मुलीशी ठरला होता, त्या संदर्भातली ती कामगिरी होती. १६०४ च्या सुमारास तो परतला, तेव्हा बादशहापुढे मांडलेल्या नजराण्यांत त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची जडावाची नळीही ठेवली. पुढचा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. हे काय, असे बादशहाने विचारले. खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका याने उत्तर दिले की, ही तंबाखू, मक्का-मदिनेत ती प्रसिद्ध आहे आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. इतक्यात शाही हकीम पुढे झाला आणि त्याने बादशहाला थांबविले. हकिमाचे म्हणणे असे की, या वस्तूविषयी आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत एक ओळ नाही. जिचे गुणदोष तपासलेले नाहीत ती बादशहाला कशी द्यावी? असद बेगने उलट युक्तिवाद केला. फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि प्रत्येक चाल कधी तरी नवीनच असते. अकबराने हकिमाचे ऐकले आणि पुढे तिला हात लावला नाही. पण असद बेगने दरबाऱ्यांना थोडी थोडी वाटली होती. ते मागू लागले, व्यापारी विकू लागले. हकीम जिंकला आणि तंबाखूही जिंकली.

आमच्या घरातल्या वादात याहून निराळे काय बोलले जाते? मुलगा असद बेगची बाजू मांडतो आणि भाची हकिमाची.

हुक्क्याची कथा याला जोडूनच सांगतात. अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून गाळून निर्धोक करावा म्हणून हुक्का शोधून काढला, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. आम्हीही लहानपणापासून हेच ऐकले. पण हकीम अबुल फतह १५८९ मध्येच वारला, आणि असद बेग तर १६०४ च्या सुमारास तंबाखू नवलाई म्हणून आग्र्याला आणतो! तेव्हा ही कथा जशीच्या तशी घेता येत नाही. लोकांना मात्र ती हवीशी वाटली हे खरे. एका हकिमाने पाणी घातले आहे, म्हणजे धूर आता बाधणार नाही, या भरवशावर पिढ्यान् पिढ्या हुक्का ओढला गेला. आमचे पणजोबाही याच भरवशावर ओढीत असतील. पाण्याने धूर थंड होतो, घशाला लागत नाही, म्हणून माणूस तो अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितले की, तासाभराच्या एका बैठकीत हुक्का ओढणाऱ्याच्या छातीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइड पाण्याने गाळला जात नाही.

बंदीचा इतिहासही तितकाच जुना आहे. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई केली. इराणच्या शाह अब्बासनेही तशीच मनाई केली होती. गंमत अशी की, जहांगीरने इराणला पाठविलेला वकील खान आलम हा घटकाभरही तंबाखूवाचून राहू शकत नसे. हे कळल्यावर शाहने त्याच्यापुरती मोकळीक दिली, आणि ही हकिकत खुद्द जहांगीरनेच आपल्या आठवणींत नोंदविली आहे. तुर्कस्तानात मुराद चौथा याने १६३३ मध्ये बंदी घालून धूम्रपान करणाऱ्यांची मुंडकी उडविली. तरी तुर्कस्तानात तंबाखू राहिलीच.

विसाव्या शतकात हुक्क्याच्या पाण्याची जागा फिल्टरने घेतली. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. लोक घाबरले. कंपन्यांनी सिगारेटच्या बुडाला फिल्टर लावला, नंतर 'लाइट' आणि 'माइल्ड' सिगारेटी काढल्या. ओढणाऱ्याने झुरका लांबवला आणि आपला हिशेब पुरा करून घेतला. कमी टारच्या या सिगारेटींनी लोकांच्या आरोग्याला काही फायदा झाला नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये दिला. आमचे चाचा पंचवीस वर्षे फिल्टरवाली ओढीत आले. 'साधी नव्हे, फिल्टरची ओढतो' असे ते अभिमानाने सांगत.

तेव्हा निर्धोक धुराचे वचन आम्ही दोनदा ऐकले आणि दोन्ही वेळा फसलो. वाफेच्या कांडीकडे संशयाने पाहण्याचा आम्हाला हक्क आहे. पण संशय म्हणजे निकाल नव्हे.

माणूस सिगारेट ओढतो ती निकोटिनसाठी, आणि मरतो मुख्यतः जळण्यातून निघणाऱ्या टार आणि विषारी वायूंमुळे. ही गोष्ट नीट समजली ती १९६०-७० च्या दशकांत. तिचा एक धागा समुद्रातलाच आहे. १९६७ मध्ये स्वीडनमधल्या ओवे फेर्नो या औषधशास्त्रज्ञाला लुंड येथील संशोधकांनी कळविले की, पाणबुडीवरच्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तंबाखू चघळून भागवतात. यातून निकोटिनच्या च्युइंगमची कल्पना निघाली. चाचांना हे सांगितले तेव्हा ते खूप हसले. तेलवाहू जहाजावर डेकवर काडी ओढणे म्हणजे मरणच; एका ठरलेल्या खोलीतच सिगारेट ओढायची. पाळीवर असताना त्यांचे सोबती गालात तंबाखू धरून ठेवीत. "ते स्वीडनवाले आमच्याकडे आले असते तर आम्हीच सांगितले असते," म्हणाले.

वाफेची कांडी हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने धूरविरहित सिगारेटचे पेटंट १९६५ मध्ये मिळविले होते, पण ती बाजारात चालली नाही. आजची ई-सिगारेट २००३ मध्ये चीनच्या होन लिक या औषधशास्त्रज्ञाने बनविली. त्याचे वडील सिगारेट ओढीत आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तो स्वतःही ओढणारा होता. बॅटरीवर तापणारी बारीक तार, ग्लिसरीन वगैरेंचे द्रव, त्यात निकोटिन आणि वास. काही जळत नाही, म्हणून टार नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. पुढे याच होन लिकने सांगितले की, तो वाफही ओढतो आणि सिगारेटही. ही एक गोष्ट आम्हाला सगळ्या जाहिरातींपेक्षा बोलकी वाटते.

गुण येतो का? येतो, पण बेताचा. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना च्युइंगम, पट्टी यांसारखे निकोटिनचे इतर उपाय. दोघांनाही दर आठवड्याला समुपदेशन. वर्षाअखेर पहिल्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यातील ९.९ टक्के. मात्र ई-सिगारेटने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वाफ ओढतच होते. च्युइंगमवाल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. ब्रिटनच्या सरकारने हिशेब मांडला की, तरीही हे बरे, आणि २०२३ मध्ये दहा लाख ओढणाऱ्यांना सिगारेटच्या बदल्यात अशा कांड्या देण्याची योजना जाहीर केली. त्याच ब्रिटनला शाळकरी मुलांच्या हाती पडणाऱ्या रंगीबेरंगी, एकदा वापरून फेकायच्या कांड्यांवर १ जून २०२५ पासून बंदी घालावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेचे मत तर ब्रिटनच्या उलट. बाजारात मोकळ्या विकल्या जाणाऱ्या या कांड्यांनी समाजातले धूम्रपान कमी होते, हे ती मानत नाही.

हिंदुस्थानने दुसरी वाट धरली. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनविणे, आयात करणे, विकणे, साठविणे, जाहिरात करणे हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मुलांना वाचविण्यासाठी हे केले, असे सांगितले गेले. सिगारेट मात्र शृंगारतळीच्या कोणत्याही टपरीवर मिळते, आणि आपल्या आयुर्विमा महामंडळाची मोठी गुंतवणूक सिगारेट कंपनीत आहे. जळणारी वस्तू कायदेशीर आणि न जळणारी बेकायदेशीर, हे कोडे आम्हाला सुटले नाही.

आमच्या चाचांनी या कोड्याची किंमत मोजली. कांडी आल्यावर महिन्याभरात त्यांची सिगारेट वीसवरून तीनवर आली. पाच-सहा महिने दोन्ही चालू राहिले. २०२३ च्या जानेवारीत सिगारेट सुटली. चाची शेजारणींना सांगत सुटल्या की, घरातला वास गेला, खोकला उतरला. नाही म्हणायला ती गोष्ट खरीच होती. द्रवाच्या बाटल्या दुबईहून येणारे-जाणारे आणीत. त्या वर्षी पावसाळ्यात एका नातेवाइकाच्या सामानातल्या बाटल्या विमानतळावर जप्त झाल्या. कायद्याने ते बरोबरच होते. कांडी कोरडी पडली आणि आठवड्याच्या आत चाचा टपरीवर उभे राहिले.

इथवर ऐकले की, वाचक मुलाच्या बाजूने कौल देईल. आम्हीही दिला असता. पण बाटल्या येत होत्या त्याच दिवसांत आमच्या घरातला सतरा वर्षांचा एक मुलगा, ज्याने सिगारेटला कधी हात लावला नव्हता, मागच्या पडवीत चाचांची कांडी ओढताना सापडला. आंब्याचा वास आला म्हणून ओढून पाहिली, म्हणाला. किती दिवस, असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली. रात्री त्याला झोप लागेना, चिडचिड होऊ लागली, तेव्हा निकोटिन म्हणजे काय हे आम्हा सर्वांना कळले. चाचांना त्याचा फार धक्का बसला. त्यांनी सिगारेट पुन्हा धरली, पण कांडी पुन्हा आणू नको, असे मुलाला स्वतः फोन करून सांगितले.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांनी ध्यानात घेतली पाहिजे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तोंडात तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका मशेरी लावतात, त्यांना वाफेच्या कांडीचा काय उपयोग? विलायतेतला वाद विलायतेतल्या रोगावरचा आहे. आपला रोग थोडा निराळा आहे आणि त्याच्यासाठी हवा आहे तो बोलणारा, वारंवार विचारपूस करणारा माणूस. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे, क्रमांक १८००-११-२३५६. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय तिच्या केंद्रांपैकी एक. गुहागर तालुक्यात आम्ही ज्या ज्या ओढणाऱ्याला विचारले, त्याला हा क्रमांक ठाऊक नव्हता. तो सिगारेटच्याच पाकिटावर छापलेला असतो!

चाचांनी तो २०२४ मध्ये लावला. पलीकडच्या बाईंनी मराठीत विचारले, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली ओढता? चाचा म्हणाले, रमजानमध्ये सेहरीपासून इफ्तारपर्यंत नाही ओढत. बाई म्हणाल्या, मग तुमची अडचण इफ्तारनंतरची आहे, तिथून सुरुवात करू. दोन मिलिग्रॅमचे निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळाले. दोन महिने बरे गेले. एका शादीत घसरले. पुन्हा फोन, पुन्हा च्युइंगम. बाईंनी रागावणे सोडाच, तारीख तेवढी नव्याने लिहून घेतली.

यंदाच्या रमजानपासून चाचांच्या हातात सिगारेट नाही. कांडी माळ्यावर, पणजोबांच्या हुक्क्याच्या भांड्यात टाकून ठेवली आहे. तिची बॅटरी काढून घ्यायला भाचीने सांगितले, ती अजून काढलेली नाही. च्युइंगम चालू आहे. परवा शृंगारतळीच्या दुकानात ते संपले होते, तर चाचा एस.टी.ने चिपळूणला गेले आणि चार पाकिटे घेऊन आले.