टसर पतंग (ॲन्थेरिया प्रजाती)

सॅटर्निइडी कुलातील मोठ्या पतंगांची प्रजाती. ह्यूब्नर यांनी १८१९ मध्ये स्थापिली. भारत, श्रीलंका, अंदमान, आग्नेय आशिया, चीन व जपान येथे आढळ; काही जाती अमेरिकेत. टसर (ॲ. मायलिटा) व मुगा (ॲ. असामेन्सिस) या भारतातील प्रमुख जाती.

टसर मादीचा पंखविस्तार सुमारे १५ सेंमी. नर बहुधा तांबूस-तपकिरी, मादी पिवळट किंवा करडी. चारही पंखांवर गोल, पारदर्शक ‘खिडकी’ असते. पंख छापील मजकुरावर धरल्यास तिच्यातून अक्षरे दिसतात. प्रौढाचे मुखावयव अविकसित असतात. तो काही खात नाही आणि आठवड्याभरात मरतो.

अभ्यासाचा इतिहास : भारतीय जातींची आरंभीची बहुतेक नोंद कलकत्त्याची (आता कोलकाता) आहे. शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी बंगालमधील ‘टस्से’ व ‘अरिंडी’ किड्यांचा वृत्तांत लंडनच्या लिनियन सोसायटीकडे पाठविला. वनस्पतिज्ञाच्या या वृत्तांतात बोर, ऐन ही अन्नझाडे आवर्जून येतात. (अरिंडी म्हणजे एरंडावरची एरी, ती आता सॅमिया प्रजातीत.) १८३७ मध्ये प्रागचे वैद्य योहान हेल्फर यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात देशी रेशीमकिड्यांवर लेख लिहून मुग्याचे वर्णन केले. वेस्टवुड यांनी पुढे दिलेले ‘असामा’ हे नाव भारतीय लेखनात दीर्घकाळ रूढ राहिले, तरी अग्रक्रम हेल्फर यांच्या नावाचा. हेल्फर १८४० मध्ये अंदमानात मारले गेले. त्याच बेटांवरील ॲ. अंदमाना या जातीस मूर यांनी १८७७ मध्ये नाव दिले. चौरंगीवरील इंडियन म्युझियममधील कोट्स यांनी स्विन्हो यांच्यासह भारतीय पतंगांची सूची केली (१८८७–८९) आणि वन्य रेशीमकीटकांवर स्वतंत्र टिपणही काढले. १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था कलकत्त्यातच स्थापन झाली.

नामवाद : टसरला रॉक्सबर्ग व हॅम्पसन (१८९२) यांनी लिनीअसचे ‘पॅफिया’ हे नाव वापरले, आज ड्रुरी यांचे ‘मायलिटा’ अधिक प्रचलित आहे. दोन्ही एकच जाती की नाही, याविषयी मतभेद आहेत. गुणसूत्रसंख्येत मात्र प्रजातीतील जातींचे अंतर उघड दिसते : मुग्यात १५ जोड्या, टसरमध्ये ३१, चिनी ओक-टसरमध्ये ४९.

कोश : अळी हिरवी, जाड, पाच अवस्थांनंतर कोश करते. आधी ती डहाळीभोवती रेशमाचे कडे घट्ट आवळते, त्याला देठ काढते व देठाला कोश टांगते. पान गळून पडले तरी कोश झाडावरच राहतो. कवच अंड्याच्या आकाराचे आणि इतके टणक असते, की बोटांनी सहजी दबत नाही. पतंग बाहेर येताना पाचक द्रव सोडून एक टोक भिजवितो व धागे बाजूला सारतो. असा फुटका कोश सलग धाग्याला निकामी ठरतो, म्हणून उकडण्याची घाई असते.

महाराष्ट्र : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ऐन-अर्जुनावर पैदास होते. टसरच्या स्थानिक वाणांपैकी एक ‘भंडारा’ नावाने ओळखला जातो. विदर्भात कोश व कापड दोहोंना ‘कोसा’ म्हणतात. करवतकाठी वस्त्रे याच धाग्याची. अळ्या उघड्या झाडांवर सोडलेल्या असल्याने पक्षी हाकलत दिवसभर राखण करावी लागते. हे काम परंपरेने ढिवर समाजाकडे आहे.

शत्रू : उझी माशी, मुंग्या, गांधीलमाश्या, पक्षी.