गाळणी, तुरटी, टीसीएल : विहिरीच्या पाण्याचा इतिहास

विहिरीचे पाणी पिण्यासाठी घरात कोणते यंत्र बसवावे, असे सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतले पालक शिक्षकांना विचारतात. बाजारात यंत्रे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात 'शुद्ध पाणी' असेच सांगते. पण पाणी अशुद्ध असते ते काही एकाच कारणाने नव्हे. त्यात किडे असतील, गाळ असेल, जंतू असतील किंवा क्षार असतील. या चारांना चार वेगळे उपाय लागतात. गेल्या शे-दीडशे वर्षांत हे उपाय एकामागून एक कसे सापडले ते पाहिले, की निवड कशी करायची तेही उमगते.

पायऱ्यांची विहीर आणि नारू

साताऱ्याजवळ लिंब गावी 'बारा मोटेची विहीर' आहे. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. पाणी मोटांनी वर काढले जाई आणि माणसांना खाली उतरायला पायऱ्या होत्या. दुष्काळी पट्ट्यात पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा अनेक आहेत. पाणी खोल गेले तरी थेट त्याच्यापर्यंत जाता येते, ही त्यांची मोठी सोय. पण पाण्यात पाय बुडवून घागर भरली जाते अशा ठिकाणी एका रोगाचीही सोय होत असे. तो रोग म्हणजे नारू.

नारूची मादी जवळजवळ एक मीटर लांब वाढते. ती बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर येते. तिथे फोड येतो, आग होते आणि माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्याच क्षणी हजारो अळ्या पाण्यात सुटतात. सायक्लॉप्स नावाचा एक-दोन मिलिमीटरचा जलचर त्या खातो. त्याच्या पोटात अळी सुमारे दोन आठवड्यांत पक्व होते. असा सायक्लॉप्स पाण्याबरोबर कोणाच्या पोटात गेला, की सुमारे वर्षाने त्याच्या पायातून नवा नारू डोकावतो. वर्षापूर्वी प्यायलेल्या पाण्याचा आजच्या दुखण्याशी संबंध कोण लावणार? म्हणूनच हे कोडे फार काळ सुटले नाही.

रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात सायक्लॉप्सचा भाग उलगडला. मुंबईच्या परळ येथील बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (आजची हाफकिन संस्था) डॉ. डी. ए. तर्खड यांनी १९१३-१४ च्या सुमारास असे पाणी माणसाने प्यायल्यावर नारू होतो, हे प्रयोगाने दाखवले.

कारण कळले तसा उपायही सोपा झाला. सायक्लॉप्स नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसतो. म्हणजे दुहेरी कापडातून गाळले की तो वर राहतो. पाणी गाळून पिण्याची रीत आपल्याकडे जुनीच होती. ती नेमकी कशासाठी उपयोगी आहे, हे आता समजले. १९८४ मध्ये देशात सात राज्यांतल्या १२,८४० गावांत मिळून सुमारे ४०,००० नारूरुग्ण होते. महाराष्ट्र या सात राज्यांपैकी एक. कापडी गाळण्या, पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे, हातपंप आणि सायक्लॉप्स मारणारे औषध यांच्या जोरावर रोग हटत गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. हे यश लशीने मिळाले नाही, गोळीनेही नाही. त्यात मोठा वाटा साध्या फडक्याचा आहे.

कापडातून निसटणारे

पण याच फडक्यातून पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू सहज पार होतो. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना हा जंतू कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला आणि नितळ दिसणारे पाणीही मारक असू शकते, हे पटले.

तुरटीचे नेमके असेच आहे. हंड्यात तुरटी फिरवली की गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. निवळीच्या बियांचाही असाच उपयोग सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. गाळाबरोबर काही जंतूही खाली जातात, पण सगळे नाहीत. पाणी निवळले म्हणजे निर्जंतुक झाले नव्हे.

जंतू मारण्यासाठी विहिरीत पोटॅशिअम परमँगनेट टाकण्याचा प्रचार १८९० च्या दशकात आग्र्याच्या डॉ. हँकिन यांनी केला. पाणी गुलाबी होई, पण खात्री कमी. इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावी १८९७ मध्ये विषमज्वराची साथ आली, तेव्हा पाण्याच्या नळांत ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडले गेले. हीच आपल्या ग्रामपंचायतीतली 'टीसीएल पावडर'. घरी पाणी उकळणे हा तितकाच भरवशाचा उपाय. खळखळून उकळी येऊ द्यावी आणि पाणी झाकून त्याच भांड्यात ठेवावे.

कापडाची आणखी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पटकीचे जंतू पुष्कळदा सायक्लॉप्सच्या जातकुळीतल्या प्राण्यांना चिकटून राहतात. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या चार-पाच घड्यांतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले, असे रिटा कोलवेल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरे काहीच हाताशी नसेल तेव्हा हे मोलाचे आहे. पण उरलेले निम्मे रुग्ण विसरून चालणार नाही.

उकळूनही न जाणारे

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी आणि हातपंप झपाट्याने वाढले. खोलवरच्या पाण्यात जंतू सहसा कमी असतात. पण खडकातून झिरपताना पाणी क्षार विरघळवून घेते. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकातले पाणी बरेचदा जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. जिथे खते जास्त पडतात तिथे नायट्रेट विहिरीत उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळांना धोका असतो.

इथे फडके, तुरटी आणि टीसीएल तिन्ही निरुपयोगी. उकळल्याने तर उलटेच होते : पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणून त्याचे प्रमाण वाढते. क्षार काढायला लागतो तो 'आरओ'चा पडदा. १९५९ च्या सुमारास सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी अमेरिकेत तो व्यवहारात येण्याजोगा केला. पण घरगुती आरओ यंत्र चांगले पाणी देताना बरेचसे पाणी सांडून देते. जत किंवा माण तालुक्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हे कसे परवडावे? आणि दोष फक्त जंतूंचा असेल तर क्लोरीनचे थेंब किंवा उकळणे एवढ्यावर काम भागते.

वर्गात काय करता येईल?

विहिरीचे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरा. झटके देत पोहणारे ठिपके भिंगातून पाहा, मग तेच पाणी दुहेरी कापडातून गाळून पुन्हा पाहा. सारख्याच पाण्याच्या दोन बाटल्यांत, एकीत विहिरीचे आणि दुसरीत पावसाचे, साबणाचे सारखेच थेंब टाकून फेस मोजा. जड पाणी लगेच ओळखू येते.

मोठ्या मुलांना गणित द्या. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. पाणी किती? ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. चांगली, ताजी पावडर १,००० लिटरला निदान २.५ ग्रॅम लागते. म्हणजे सुमारे ९४ ग्रॅम. पाणी गढूळ किंवा पावडर जुनी असेल तर जास्त. टाकल्यावर निदान तासभर पाणी उपसायचे नाही. हे काम अर्थातच ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने करायचे. मुलांनी हिशेब तपासायचा.

जंतूंसाठी एच-टू-एस बाटलीची चाचणी सोपी आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा व सहकाऱ्यांनी ती सुचवली. बाटलीतले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले तर विष्ठेची घाण मिसळल्याची शक्यता मोठी. क्षार आणि नायट्रेट मात्र प्रयोगशाळेत नेमके कळतात. त्यासाठी नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावा. आणि एकदा तपासले म्हणजे कायमचे झाले असेही नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या विहिरींत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी कालची चांगली विहीर आज पुन्हा तपासावी लागते.

म्हणून पालक यंत्राचे नाव विचारतील, तेव्हा त्यांना आधी पाण्याचा तपासणी अहवाल आणायला सांगावे. कोणाला फडके आणि पातेले पुरेल, कोणाला क्लोरीनचे थेंब, आणि खरोखरच क्षार जास्त असतील त्यालाच महागडे यंत्र.