भिंतीवरची अक्षरे

'भिंतीवरची अक्षरे वाचा' असे आपली वर्तमानपत्रे सर्रास लिहितात. 'द रायटिंग ऑन द वॉल' ह्या इंग्रजी वाक्प्रचाराचा हा मराठी अवतार होय. अटळ शेवट समोर दिसू लागला की तो वापरतात. त्याचे मूळ मात्र इंग्लंडात नसून दानिएलच्या ग्रंथातील पाचव्या अध्यायात आहे.

यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पवित्र पात्रांतून बाबिलोनचा राजा बेलशस्सर मद्य प्याला, तेव्हा मानवी हाताची बोटे भिंतीच्या गिलाव्यावर लिहू लागली. मने, तकेल, परेस हे शब्द मुळात बाजारातल्या वजनांचे. दानिएलने त्यांचा अर्थ लावला: राज्याचे दिवस मोजले गेले, राजा तोलात उणा भरला, राज्य वाटले गेले. त्याच रात्री राजा मारला गेला. ग्रीक इतिहासकारांना बेलशस्सर हे नाव ठाऊक नव्हते. म्हणून कित्येक पंडित त्याला काल्पनिक समजत. परंतु १८५४ साली ऊर येथे मातीचे लेख सापडले आणि नबोनिदस राजाचा पुत्र म्हणून त्याचे नाव उजेडात आले. इ. स. पूर्व ५३९ मध्ये बाबिलोन पर्शियाच्या कोरेश राजाच्या हाती पडले, हे तर इतिहासाला मान्यच आहे.

आपल्याकडचे विधिलिखित कपाळी असते. सटवीने ते लिहिले की ज्याचे त्याला वाचता येत नाही, पुसताही येत नाही. भिंतीवरचा लेख मात्र सर्वांसमोर असतो. दानिएलने राजाला दोष दिला तो हाच की, नबुखद्‌नेस्सराचा गर्व कसा उतरला हे ठाऊक असूनही तो नम्र झाला नाही. उलट, योनाचा इशारा ऐकून निनवेने पश्चात्ताप केला आणि ते नगर वाचले. म्हणजे इशारा मिळाला तेव्हा शेवट अटळ नव्हता. न ऐकणाऱ्यासाठी तो अटळ झाला.

आम्हा उचगावकरांना पंचगंगा परकी नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २००५ साली महापूर आला. २०१९ आणि २०२१ साली तर पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या भिंतींवर गढूळ रेघ उरते. ती वाचायला दानिएल लागत नाही. तरी दिवाळीला आपण तिच्यावर चुना फिरवतो आणि पुन्हा पूररेषेच्या आत पाया खणतो. मग पाणी आले की दैवाला बोल लावतो.

नवे घर काढण्यापूर्वी ती रेघ कुठवर आली होती, हे शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.