प्रजाजन, नागरिक आणि कसोटी
सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें, तेव्हां तेथील रयत इंग्रजांची प्रजा ठरली. सांगलीची रयत मात्र पटवर्धनांचीच राहून इंग्रजी कायद्याच्या दृष्टीनें केवळ संरक्षित मानली गेली. एकाच कृष्णाकांठीं हे दोन दर्जे शंभर वर्षें नांदले. इंग्रजी मुलखांतही १९३५ च्या कायद्यानें मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा पात्रतांवर तोलला होता. १९४८ सालीं सांगली संस्थान विलीन झालें. आणि पुढें राज्यघटनेनें दोहोंकडील रहिवाशांस परीक्षा न घेतां एकच नागरिकत्व व प्रौढ मताधिकार दिला.

परीक्षा उरली ती परकीयांपुरती. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानें देशीयकरणासाठीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील एका भाषेचें पुरेसें ज्ञान आवश्यक ठरविलें. मराठी त्यांत आहेच. २००३ च्या दुरुस्तीनें वास्तव्याची अट वाढवून अकरा वर्षें केली. २०१९ च्या दुरुस्तीनें तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मसमूहांसाठीं ती पांचांवर आणली. भाषेची अट तशीच राहिली.

मुदती बदलतात, कसोट्या बदलतात. परंतु ज्यांचे आजे एकही प्रश्न न विचारतां नागरिक झाले, त्यांनीं दुसऱ्याची कसोटी पाहतांना आपला हा उगम विसरूं नये.