कॉमेट विमानांचे अपघात : एक कारणमीमांसा

अपघाताचें कारण शोधतांना मनुष्याचें मन पहिल्या समाधानकारक उत्तरापाशींच थांबूं पाहतें. या प्रवृत्तीची किंमत केवढी असते, हें कॉमेट विमानांच्या इतिहासावरून दिसून येईल.

२ मे १९५२ रोजीं लंडनहून जोहान्सबर्गकडे कॉमेट निघालें व उतारूंची नियमित जेट वाहतूक जगांत प्रथम सुरू झाली. बरोबर एका वर्षानें, २ मे १९५३ रोजीं, कलकत्त्याहून दिल्लीस निघालेलें एक कॉमेट वादळांत सांपडून मोडलें. ४३ माणसें दगावलीं. चौकशींत वादळास दोष देण्यांत आला. १० जानेवारी १९५४ रोजीं रोमहून निघालेलें दुसरें कॉमेट एल्बा बेटाजवळ कोसळून ३५ बळी गेले. या वेळीं वादळाची सबब नव्हती. बाँब, आग, इंजिनाचा स्फोट असे नाना तर्क निघाले. आग हें त्यांतल्या त्यांत संभवनीय कारण ठरवून, सुचल्या तितक्या दुरुस्त्या करून, २३ मार्चला विमानें पुन्हां उडूं लागलीं. ८ एप्रिलला तिसरें कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रांत पडलें. आणखी २१ जीव गेले.

इतर सर्व शक्यतांचें निरसन झालें म्हणजे उरेल ती खरी, असें आपले नैयायिक परिशेषानुमानाविषयीं सांगतात. परंतु निरसन अपुरें असेल तर अनुमान काय कामाचें?

अखेर फार्नबरो येथें सर आर्नोल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखालीं तर्क बाजूस ठेवून प्रयोग झाला. एका कॉमेटचें धड हौदांत बुडवून, उड्डाणागणिक आंतील हवेचा दाब जसा चढतो-उतरतो, तसा तो पाण्यानें पुनःपुन्हां देण्यांत आला. पूर्वींचीं १,२२१ उड्डाणें व हौदांतील १,८३६ आवर्तनें मिळून ३,०५७ भरलीं, तेव्हां खिडकीच्या कोपऱ्यापाशीं पत्रा फाटला. एल्बाजवळ समुद्रांतून काढलेल्या अवशेषांतहि छपरावरील खिडकीपाशीं तसाच तडा आढळला. धातूस आलेला थकवा हेंच कारण ठरलें.

कारखानदारांनीं आधीं परीक्षा घेतली नव्हती असें नाहीं. त्यांच्या नमुन्यानें हजारों आवर्तनें सोसलीं होतीं. पण त्याच नमुन्यास पूर्वीं दुप्पट दाब दिल्यामुळें त्याचे दुबळे कोपरे उलट टिकाऊ झाले होते! परीक्षेनेंच परीक्षकांस फसविलें.

कलकत्त्यास वादळाचा दोष किती व पत्र्याचा किती, याचा निवाडा आतां होणें कठीण. परंतु ‘हें कारण असूं शकेल’ आणि ‘हेंच कारण होतें’ या दोन वाक्यांतील अंतर केवळ शब्दांचें नव्हे. १९५४ च्या एप्रिलांत तें २१ प्राणांचें ठरलें.