जमैकन लोकप्रिय संगीताचा उगम

'रेगे' हे नाव रूढ झाले ते १९६८ साली, टूट्स अँड द मेटल्स या गायकवृंदाच्या एका गीतामुळे. परंतु तेथून या संगीताचा इतिहास आरंभणे म्हणजे बारशापासून मुलाचे वय मोजणे होय. त्याआधी खेडोपाडी बँजो-गिटारीच्या साथीचे 'मेंटो' होते. १९५० नंतर किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील नाचांत ड्यूक रीड, कॉक्सन डॉड प्रभृती आपल्या प्रचंड कर्ण्यांवरून अमेरिकन 'रिदम अँड ब्लूज'च्या तबकड्या वाजवीत. अमेरिकेची अभिरुची रॉक अँड रोलकडे वळताच तशा तबकड्या दुर्मिळ झाल्या. तेव्हा या चालकांनी स्थानिक वादकांचेच ध्वनिमुद्रण आरंभिले. त्यातून मात्रांच्या मधल्या जागी आघात देणारे 'स्का' उदयास आले.

चालकांचे श्रेय मान्यच आहे. तथापि वादक आले कोठून? कॅथलिक जोगिणींनी चालविलेल्या, निराधार मुलांच्या आल्फा शाळेतील बँडमधून. १९६४ च्या 'स्कॅटलाइट्स' वृंदातील डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर व लेस्टर स्टर्लिंग हे चौघेही तेथलेच. रिको रॉड्रिगेझ यास ट्रॉम्बोन शिकविला तोही ड्रमंडनेच, त्याच शाळेत.